पंचनामा कशाचा करायचा?

संगणकावरच्या गुन्ह्याचा तपास एकेकाळी चौकटीतला होता. पंचांसमोर हार्ड डिस्क सील करायची, तिची हुबेहूब प्रत काढायची, हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, पंचनाम्यात नोंदवायची आणि मूळ डिस्क मुद्देमालात जमा करायची. २००६ साली अ‍ॅमेझॉनने साठवणुकीची जागा आणि सर्व्हर भाड्याने द्यायला, म्हणजे आज ज्याला क्लाउड म्हणतात ती सेवा द्यायला, सुरुवात केली आणि यातली पहिलीच पायरी निसटली. जप्त करायचे काय? एका यंत्रावर अनेक भाडेकरू. ते यंत्र नेमके कुठे उभे आहे, हे ग्राहकालाही ठाऊक नाही. आणि व्हर्च्युअल मशीन काढून टाकले की त्याच्या मेमरीतला पुरावाही गेला.

सुरुवातीची भीती शेजाऱ्याची होती. ठरवून दुसऱ्याच्या यंत्रावर शेजार मिळवता येतो, हे २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले होते. प्रत्यक्षात घरे फुटली ती किल्ल्यांमुळे. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या अ‍ॅमेझॉन खात्याचे नियंत्रण एका खंडणीखोराच्या हाती पडले. कंपनी पासवर्ड बदलू लागताच त्याने डेटा, स्नॅपशॉट, बॅकअप पुसायला घेतले. बारा तासांत कंपनी संपली. मूळ माल आणि बॅकअप एकाच कुलपात ठेवण्याची ती किंमत होती.

कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या २०१९ च्या प्रकरणात नोंदी (लॉग) होत्या, पण त्या वेळेत कोणी वाचल्या नाहीत. फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीतून सर्व्हरची तात्पुरती ओळखपत्रे काढून घेतली गेली आणि अमेरिका-कॅनडातल्या सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर पडली. घुसखोरी मार्चमधली. बँकेला ती कळली जुलैमध्ये, तीही एका त्रयस्थाच्या ईमेलमुळे. त्यानंतर मात्र याच लॉगमधून आरोपीचे एकेक पाऊल मांडता आले.

मला सर्वाधिक अस्वस्थ करते ते २०२३ चे प्रकरण. चीनशी जोडल्या गेलेल्या हल्लेखोरांनी डिजिटल ओळखपत्रांवर सही करणारी मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची एक किल्ली मिळवली आणि तिच्या जोरावर अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांच्या मेलपेट्या उघडल्या. एकट्या परराष्ट्र खात्याचे सुमारे ६० हजार मेल गेले. चोरी पकडली ती त्याच खात्याने, कारण जादा पैसे मोजून त्याने सविस्तर लॉग घेतले होते. साधी वर्गणी भरणाऱ्यांकडे ती नोंदच नव्हती; त्यांना आपली पेटी उघडली गेल्याचे स्वतःहून कळणे शक्य नव्हते. किल्ली कशी गेली, याचे ठाम उत्तर २०२४ च्या अमेरिकी चौकशी अहवालालाही मिळाले नाही. टीकेनंतर मायक्रोसॉफ्टने अधिक नोंदी साध्या ग्राहकांना खुल्या केल्या आणि त्या ठेवण्याची मुदत ९० वरून १८० दिवस केली. चोरीची नोंद ही जादा दराने विकायची वस्तू कधीच नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात कसा मांडायचा, हा प्रश्न आपल्याकडे ठळकपणे समोर आला तो जालन्यातल्या एका खटल्यातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मुदतीत भरला गेला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. वारंवार मागूनही त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी दिले नाही. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठरवले, की मूळ उपकरणच कोर्टात आणले तर ठीक, नाहीतर तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र हवेच. क्लाउडचा उल्लेख त्या वादात मध्यवर्ती नव्हता, पण मूळ यंत्र कोर्टात आणणे क्लाउडच्या ग्राहकाला कधीच शक्य नसते. त्यामुळे या निकालाचा खरा भार त्याच्यावर पडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र कायम आहे आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने लॉग १८० दिवस जपण्याचा आणि घटना सहा तासांत कळवण्याचा आदेश काढला होता.

आपल्या पतसंस्थेचे, दवाखान्याचे, शाळेचे दप्तर आज क्लाउडवर असेल, तर सेवा देणाऱ्याला या आठवड्यातच तीन गोष्टी विचारा. लॉग चालू आहेत का? किती दिवस राहतात? आणि उद्या कोर्टाने मागितले, तर प्रमाणपत्रावर सही कोण करणार? उत्तरे लेखी घ्या.