तोट्याच्या वर्षाचंही रिटर्न भरा

‘यंदा कमाईच नाही, मग रिटर्न कशाला?’ चित्रकार, फोटोग्राफर, संकलक मंडळी असं सर्रास म्हणतात. ऐकून जीव कळवळतो, कारण रिटर्नची खरी गरज त्याच वर्षी असते. व्यवसायातला तोटा पुढची 8 वर्षं ओढता येतो आणि बऱ्या वर्षाच्या नफ्यातून वजा करता येतो. मात्र तोट्याच्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. नव्या कररचनेतही ही सोय आहे.

समजा, एक तरुणी जाहिरातींसाठी वस्तूंचे फोटो काढते. वर्षाची आवक 2,40,000 रुपये. स्टुडिओचं भाडं 1,44,000, मदतनिसाला 90,000, प्रवास 38,000. एप्रिलमध्ये तिने 1,80,000 चा कॅमेरा आणि 60,000 चा लॅपटॉप घेतला. ही रक्कम एकदम खर्चात धरता येत नाही, घसारा मिळतो: कॅमेऱ्यावर 15 टक्के म्हणजे 27,000, लॅपटॉपवर 40 टक्के म्हणजे 24,000. (वापर वर्षात 180 दिवसांहून कमी असेल तर निम्माच.) एकूण तोटा 83,000. त्यातल्या घसाऱ्याच्या 51,000 ना आठ वर्षांचं बंधन नाही. उरलेले 32,000 मात्र रिटर्नला उशीर झाला की हातचे गेले. शिवाय ग्राहक कंपन्यांनी बिलातून कापलेला टीडीएस रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही, आणि ओढगस्तीच्या वर्षी तो पैसा फार मोलाचा असतो.

ती कॉलेजात शिकवत असेल, तर पगारातून हा तोटा वजा होत नाही. बँकेच्या व्याजातून त्याच वर्षी होतो. पुढे ओढलेला तोटा मात्र फक्त व्यवसायाच्या नफ्यातूनच.

सिनेमातल्या दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, गीतकार यांना आणखी एक वाट आहे: आवकीच्या 50 टक्के नफा धरायचा आणि हिशेबाच्या वह्यांतून सुटायचं. सोपी म्हणून बरेच जण तीच धरतात. पण या वाटेने तोटा दाखवताच येत नाही. काम कमी मिळालं आणि खर्च वाढला, त्या वर्षी वह्या ठेवून आयटीआर-3 भरणंच हिताचं. त्यासाठी सी.ए.कडे मार्चअखेरीच्या आधीच जावं. घरातूनच काम चालत असेल, तर भाड्याचा आणि विजेचा कामापुरता वाटा तेवढाच खर्चात धरावा. मदतनिसाचे पैसे बँकेतून द्यावेत. एका दिवशी एकाला 10,000 रुपयांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च सहसा मान्य होत नाही.