सलग आवाजातून शब्द सुटे होतात तेव्हा

परदेशी भाषा शिकणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न वारंवार येतो : पुस्तकं संपली, परीक्षाही दिल्या, तरी समोरचा जपानी किंवा जर्मन माणूस बोलू लागला की सगळं डोक्यावरून जातं. मग आपण पुढे सरकलो की नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तरासाठी जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला जाऊ. बहुतेक जण सातव्या लेण्यातल्या गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन परततात. शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह, आणि त्याच्या दानाचा ब्राह्मी लेख तिथे आहे. त्यातली ही अक्षरं पाहा : हेरणिकपुतससुलसदतस. ब्राह्मीत शब्दांमध्ये सहसा जागा सोडत नाहीत. नवशिक्याला प्रत्येक अक्षर ओळखता येतं, तरी हाती काही लागत नाही. काही लेख वाचून झाले की ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय म्हणून डोळ्यांत भरतो आणि ओळ आपोआप फुटते : हेरणिकपुतस, सुलसदतस. हेरणिकाच्या मुलाचं, सुलसदत्ताचं दान. नवं अक्षर एकही शिकलेलं नसतं, तरी प्रगती झालेली असते!

१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपलाही सांचीच्या छोट्या लेखांत हाच ‘स’ पावला होता. शेवटची दोन अक्षरं सगळीकडे सारखी, म्हणजे ‘दानं’ असणार. त्याआधीचं ‘स’ म्हणजे दात्याचं नाव संपलं. ब्राह्मी उलगडण्याचं सगळं श्रेय प्रिन्सेपला मिळतं, पण क्रिस्तियान लासेनने आदल्याच वर्षी एका ग्रीक-ब्राह्मी नाण्यावरचं अगाथोक्लीस राजाचं नाव वाचलं होतं. जुन्नरच्या लेखांची वाचनं १८८१ मध्ये पुरातत्त्वज्ञ बर्जेससोबत प्रसिद्ध करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी तर जुन्नरकरांनाही फारसे माहीत नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुनागढच्या या माणसाने तरुणपणी प्रिन्सेपचा तक्ता हाताशी धरून गिरनारच्या लेखावर ब्राह्मी घोटली होती.

कानाचंही असंच. बोलण्यात शब्दांमध्ये विराम नसतातच, ते ऐकणाऱ्याचा मेंदू घालतो. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अखंड माळ दोनच मिनिटं ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणतं येतं एवढ्यावरून बाळांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे केले.

मोठ्यांना वेळ लागतो, आणि तो वाया गेल्यासारखा वाटतो. ब्रायन आणि हार्टर यांनी १८९०च्या दशकात तार घ्यायला शिकणाऱ्यांचा वेग मोजला. तो मधेच कित्येक आठवडे अडायचा, मग एकदम वाढायचा. त्यांच्या मते, अडलेल्या काळात सुट्या अक्षरांचे शब्द आणि शब्दांची वाक्यं पक्की होत होती.

म्हणून अ‍ॅपवरच्या गुणांवर आणि सलग दिवसांच्या मोजणीवर माझा विश्वास नाही. त्यात हजेरी कळते, कान कळत नाही. त्यापेक्षा आज न कळलेली एखादी बातमी मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ऐका. अर्थ तेव्हाही पुरता लागणार नाही कदाचित. पण ‘काहीच कळलं नाही’ऐवजी ‘तो तिसरा शब्द कळला नाही’ असं म्हणता आलं, आणि ऐकल्याबरहुकूम तो शब्दकोशात सापडला, तर तुम्ही बरेच पुढे आला आहात.