मॉर्मन ग्रंथ आणि पवित्र शास्त्र
लेखांक ७ : दाविदाच्या स्त्रिया

देवाच्या एकत्वाचा विषय या वेळी घेईन असे मी म्हटले होते; तो एक आठवडा तहकूब ठेवीत आहे. वाचकांनी तोवर ‘अतिमोलवान मोती’ या संग्रहातील मोशेच्या पुस्तकाचे दुसरे प्रकरण आणि अब्राहामाच्या पुस्तकाचे चौथे प्रकरण शेजारीशेजारी ठेवून वाचावे. सृष्टीची तीच कथा एका ठिकाणी एकवचनी कर्त्याने आणि दुसऱ्या ठिकाणी अनेकवचनी कर्त्यांनी घडलेली पाहिली, म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

तहकुबीचे कारण अहमदनगरच्या एका वाचक भगिनींचे पत्र. ख्रिस्तजन्म बेथलेहेमचा की यरुशलेमचा, हा गेल्या लेखांकातील वाद अलेक्झांडर कॅम्बेल यांनी १८३१ साली उपस्थित केल्यापासून दोन्ही पक्षांनी पुष्कळ घोळला असला, तरी त्याच्या निकालावर कोणाचा संसार अवलंबून नव्हता. या भगिनींनी काढलेल्या प्रश्नावर मात्र हजारो स्त्रियांचे संसार अवलंबून होते, आणि म्हणूनच त्याला रांगेत मागे उभे करणे मला प्रशस्त वाटले नाही.

त्यांचा प्रश्न असा : मॉर्मनच्या ग्रंथात याकोब दावीद व शलमोन यांच्या अनेक स्त्रियांचा उल्लेख देवाला अमंगळ वाटलेली गोष्ट म्हणून करतो, आणि ‘सिद्धान्त आणि करार’ या ग्रंथाच्या १३२ व्या प्रकरणात तोच देव सांगतो, की दाविदाला त्या स्त्रिया मीच दिल्या आणि उरीयाच्या प्रकरणाखेरीज त्याने यात पाप केले नाही, तर या दोहोंपैकी पवित्र शास्त्राशी जुळते कोणते? बहुतेक टीकाकार मॉर्मनांचे दोन ग्रंथ एकमेकांना खोटे पाडतात एवढे दाखवून थांबतात. या भगिनी एक पाऊल पुढे गेल्या आहेत, आणि ते पाऊल टाकल्यावाचून या तंट्याचे मूळ हाती लागत नाही, अशी माझी पुष्कळ वर्षांच्या वाचनानंतरची खात्री आहे.

आधी याकोबाचे प्रवचन पाहू. हा याकोब म्हणजे लेहीचा पुत्र, नेफीचा धाकटा भाऊ. मंदिरात जमलेल्या नेफी लोकांना तो प्रथम सोन्यारुप्याच्या लोभाबद्दल बोल लावतो, आणि मग ज्या गोष्टीसाठी तो खरोखर आलेला असतो तिच्याकडे जड अंतःकरणाने वळतो. कारण समोर बायकामुले बसलेली आहेत, त्यांना धीराचे शब्द ऐकावयाचे होते, आणि त्यांच्यादेखत त्यांच्याच पतींचे व पित्यांचे दोष काढणे त्याला प्राप्त झाले आहे. प्रत्येक पुरुषाला एकच पत्नी असावी आणि उपपत्नी असू नये, ही आज्ञा तो सांगतो. आपल्या लोकांच्या कन्यांचा आक्रोश देवाने ऐकला आहे असे तो म्हणतो. आणि ज्या लामानी लोकांना नेफी लोक हीन लेखतात तेच ही आज्ञा पाळत असल्यामुळे तुमच्याहून अधिक नीतिमान आहेत, हेही निर्भयपणे ऐकवतो. स्त्रियांच्या दुःखाला इतक्या प्रत्यक्षपणे वाचा देणारा दुसरा भाग त्या समग्र ग्रंथात मला आढळलेला नाही, आणि त्या ग्रंथाच्या उत्पत्तीविषयी कोणाचे काहीही मत असो, हे प्रवचन कोणीही आदराने वाचावे असे आहे.

यातील एका गोष्टीकडे टीकाकार व समर्थक दोघांचेही दुर्लक्ष होते. याकोबाच्या श्रोत्यांपाशी धर्मग्रंथ आहे! यरुशलेमहून आणलेल्या पितळी पत्र्यांवर मोशेची पाच पुस्तके आणि यिर्मयापर्यंतच्या संदेष्ट्यांची वचने कोरलेली होती, असे त्या ग्रंथाचेच सांगणे आहे. आणि हे लोक दावीद व शलमोन यांच्याविषयी जे लिहिले आहे त्याचाच दाखला देऊन स्वतःच्या वर्तनाचे समर्थन करीत आहेत, अशी याकोबाची तक्रार आहे. म्हणजे जो वाद आपण आज दोन ग्रंथांमध्ये लावतो, तो त्यातल्या पहिल्या ग्रंथाच्या आतच, एका उपदेशकात आणि त्याच्या श्रोत्यांत, शास्त्राच्या अर्थावरून जुंपलेला आहे. आणि श्रोत्यांच्या बाजूला लेखी पुरावा मुळीच नव्हता असे म्हणता येणार नाही.

आता दुसरा दस्तऐवज, म्हणजे १३२ वे प्रकरण. १२ जुलै १८४३ रोजी इलिनॉय प्रांतातील नाव्हू या गावी मॉर्मन मताचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी तो सांगितला आणि विल्यम क्लेटन या लेखनिकाने उतरून घेतला. स्मिथ यांची पत्नी एम्मा हिच्या हाती गेलेली मूळ प्रत नष्ट झाली. जोसेफ किंग्जबरी यांनी तत्पूर्वी काढलेली नक्कल तेवढी उरली. पुढल्याच वर्षी स्मिथ यांची कार्थेजच्या तुरुंगात हत्या झाली, आणि नऊ वर्षे खाजगीत राहिलेला हा मजकूर ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या परिषदेत जाहीर झाला. त्या वेळी ‘सिद्धान्त आणि करार’ या ग्रंथात १८३५ साली मंजूर झालेला विवाहविषयक ठराव होता, आणि त्यात एका पुरुषास एकच पत्नी असे स्वच्छ लिहिलेले होते. १८७६ च्या आवृत्तीत तो ठराव वगळून त्या ग्रंथात १३२ वे प्रकरण दाखल करण्यात आले. म्हणजे मधली चोवीस वर्षे जाहीर शिकवण एक आणि छापील ग्रंथातील ठराव दुसरा, अशी स्थिती राहिली.

मॉर्मन पंडितांनी या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न केला नाही असे नाही, आणि त्यांची कैफियत नीट ऐकून घेतली पाहिजे. ते याकोबाच्याच दुसऱ्या प्रकरणातील तिसाव्या वचनाकडे बोट दाखवतात. देवाला आपल्यासाठी संतती वाढवावयाची असेल तर तो तशी आज्ञा देईल, एरवी लोकांनी एकपत्नीत्वाचा नियम पाळावा, असा त्याचा अर्थ ते लावतात. म्हणजे नियम एकपत्नीत्वाचा आणि मुभा केवळ विशेष हुकुमाने. हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे असे मला वाटत नाही. परंतु या वचनाने पुढे कोणाला मुभा मिळू शकते एवढेच ठरते. मागे दाविदाने जे केले ते कसे होते, याचा निवाडा चोविसाव्या वचनात आधीच होऊन गेलेला आहे. १३२ व्या प्रकरणाच्या अडतिसाव्या वचनात आणखी एक वाट ठेवली आहे : देवाकडून न मिळालेल्या स्त्रिया ज्यांनी घेतल्या त्यांनी तेवढ्यापुरते पाप केले. शलमोनाची गाठ या वाटेने सुटते. राजांच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे त्याला ७०० राण्या व ३०० उपपत्नी होत्या, त्यांपैकी कोणत्या दिलेल्या आणि कोणत्या घेतलेल्या याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दाविदाला मात्र ही वाट मिळत नाही, कारण पुढचेच वचन त्याच्या बाबतीत उरीयाखेरीज दुसरा अपवाद ठेवीत नाही. माझ्या मते हा विरोध येथे खराच आहे, आणि कोणत्याही खुलाशाने तो पूर्णपणे मिटलेला नाही.

पण तो आला कोठून? पवित्र शास्त्र उघडा. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाने पुष्कळ बायका करू नयेत, नाहीतर त्याचे मन बहकेल, असा नियम आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदाचा अपराध त्याच्या पदरात घालतो, आणि त्या झोंबणाऱ्या भाषणातच देवाच्या वतीने त्याला आठवण देतो, की तुझ्या धन्याच्या स्त्रिया मीच तुझ्या स्वाधीन केल्या, आणि एवढे थोडे वाटले असते तर आणखीही दिले असते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दाविदाच्या समग्र चरित्राला नीतिमत्तेचा दाखला देऊन त्यातून एक उरीया हित्तीचे प्रकरण तेवढे वजा केले आहे. ही तीन स्थळे एका ओळीत ठेवली, की याकोबाचे प्रवचन आणि १३२ वे प्रकरण कोणत्या घराण्यांतील आहेत हे आपोआप दिसू लागते. याकोब हा अनुवादाचा वंशज आहे. १३२ वे प्रकरण नाथानाच्या वचनाचे आणि राजांच्या त्या दाखल्याचे. ते प्रकरण पवित्र शास्त्रापासून दूर गेले, ही टीका निदान दाविदापुरती टिकत नाही. उलट दाविदाविषयी तेच राजांच्या शब्दांना अधिक जवळ आहे, आणि याकोबच त्यांच्यापासून दूर उभा आहे.

याकोबाचा हा पक्षपात ग्रंथातील कालगणनेशीही बरा जुळतो. सिद्कीयाच्या कारकीर्दीच्या पहिल्या वर्षी लेहीने यरुशलेम सोडले असे ती कथा सांगते, आणि योशीया राजाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचे पुस्तक सापडले त्याला तेव्हा जेमतेम एक पिढी लोटली होती. सापडलेले ते पुस्तक म्हणजे मुख्यतः अनुवादच होय, असे बहुतेक बायबल-अभ्यासक मानतात. श्रद्धावान मॉर्मनाने याला पुरावा म्हणावे आणि संशयी वाचकाने योगायोग म्हणावे. माझ्यापुरते इतकेच, की जो धर्मसुधारक यरुशलेमच्या त्या पिढीच्या हवेत वाढलेल्या बापाचा मुलगा आहे, त्याने असे बोलणे त्या पात्राला शोभून दिसते.

स्मिथ यांना ही गाठ स्वतः जाणवली होती, याचा भक्कम पुरावा आहे. १८३० ते १८३३ या काळात त्यांनी पवित्र शास्त्राचा जो संशोधित पाठ सिद्ध केला, त्यात दाविदाविषयीची वचने मुद्दाम कडक केलेली आहेत. शलमोनाचे मन दाविदाच्या मनासारखे परिपूर्ण राहिले नाही असे मुळात आहे; संशोधनात ते दाविदाच्या मनासारखे झाले असे येते, म्हणजे बापाचे मनही निष्कलंक नव्हते असा त्याचा अर्थ होतो. नाथान दाविदाला तुझे पाप दूर केले आहे असे सांगतो. संशोधनात ते दूर केलेले नाही असे येते. राजांच्या पंधराव्या अध्यायातील दाखल्यातही दाविदाने आयुष्यभर पश्चात्ताप केल्याची पुस्ती जोडलेली आहे. तेव्हा १८३० च्या दशकाच्या आरंभीचे स्मिथ याकोबाच्या अंगाने चाललेले दिसतात, आणि १८४३ चे स्मिथ दाविदाला स्त्रियांच्या बाबतीत दोषमुक्त करताना उरीयाबद्दलचे शासन मात्र कायम ठेवतात. १३२ व्या प्रकरणाचा आरंभच अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, दावीद व शलमोन यांच्या अनेक स्त्रियांचे देवाने समर्थन कसे केले, या त्यांच्या पृच्छेने होतो. त्या यादीत इसहाकाचे नाव पाहून मी प्रत्येक वेळी थबकतो, कारण उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाला रिबकेवाचून दुसरी स्त्री नाही.

येथे दोन माणसांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८५२ च्या परिषदेत अनेकपत्नीत्वाचे जाहीर प्रतिपादन करण्याचे काम ऑर्सन प्रॅट यांच्यावर सोपविले गेले. आणि मॉर्मनच्या ग्रंथाची आज प्रचारात असलेली अध्याय व वचने यांची विभागणी १८७९ च्या आवृत्तीसाठी केली तीही त्यांनीच. म्हणजे आपण चोविसावे आणि तिसावे वचन म्हणून जे आकडे उच्चारतो, ते त्या मताच्या अग्रगण्य पुरस्कर्त्याच्या हातचे आहेत, आणि निषेधाचे वचन त्याने मुभेच्या वचनाइतकेच स्वच्छ, सुटे व शोधण्यास सोपे करून ठेवले. दुसरे जॉर्ज रेनल्ड्स. मंडळीचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांचे हे चिटणीस. अनेकपत्नीत्वविरोधी कायद्याची कसोटी लागावी म्हणून यांच्यावर खटला झाला, आणि १८७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. तुरुंगात त्यांनी मॉर्मनच्या ग्रंथाची समग्र शब्दसूची करावयास घेतली; ती १९०० साली प्रसिद्ध झाली. ज्या आचारासाठी त्यांनी कारावास पत्करला त्याचा निषेध करणाऱ्या अध्यायातील शब्दही त्यांना एकेक करून आपल्या सूचीत लावावे लागले असतील, आणि त्या इमानाने केलेल्या कामाबद्दल माझ्या मनात फार मोठा आदर आहे.

त्या निकालपत्रात श्रद्धा आणि आचार यांत भेद करताना सरन्यायाधीश वेट यांनी, पतीच्या चितेवर जळून जाणे हे कर्तव्य मानणाऱ्या पत्नीला शासनाने अडवू नये काय, असा दृष्टान्त घेतला आहे. श्रद्धेला संरक्षण आणि आचाराला कायद्याची मर्यादा, हाच भेद १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांच्यापुढे आला. १९४६ चा मुंबईचा द्विभार्याप्रतिबंधक कायदा हिंदूंच्या धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो, पुत्रप्राप्तीसाठी दुसरा विवाह धर्माला आवश्यक आहे, अशी तक्रार होती. तीवर, पुत्राची आवश्यकता मानणाऱ्या त्याच धर्माने दत्तकाची सोयही केलेली आहे, असे उत्तर छागलांनी दिले. संततीचे कारण पुढे करून नियमाला अपवाद मागणे हा याकोबाच्या तिसाव्या वचनाचाच मार्ग होय, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

यूटातील मंडळीने आपले अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांच्या १८९० च्या जाहीरनाम्याने हा आचार बंद करण्याची घोषणा केली. १३२ वे प्रकरण मात्र ग्रंथात कायम आहे. दुसरी मंडळी, १८६० साली स्मिथ यांच्या ज्येष्ठ पुत्राच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली, हिने ते प्रकरण कधीच स्वीकारले नाही. एम्मा याच मंडळीत होती. पतीला दुसरी पत्नी नव्हती असे तिने १८७९ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, आपल्या पुत्रांजवळ सांगितले. ती जबानी आज उपलब्ध असलेल्या इतर पुराव्याशी जुळत नाही, पण नाव्हूमध्ये तिने काय सोसले असेल याचा विचार करून तिच्याशी कठोर होऊ नये असे मला वाटते. या मंडळीपुढे याकोब विरुद्ध १३२ वे प्रकरण हा प्रश्नच उरला नाही. स्मिथ यांचे संशोधित पवित्र शास्त्र एम्माने जपून ठेवलेल्या हस्तलिखितांवरून १८६७ साली छापले तेही याच मंडळीने. पण त्या छापील प्रतीत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढून पाहावा : तेराव्या वचनात, वर सांगितल्याप्रमाणे, पाप दूर न झाल्याची दुरुस्ती आहे, आणि आठव्या वचनातील, धन्याच्या स्त्रिया मीच तुला दिल्या, हे नाथानाचे बोलणे स्मिथ यांनी मुळाप्रमाणेच राहू दिलेले आहे.