ऐकून वाचलेले ग्रंथ

आमच्या वाचकमंडळात यंदा अर्जेंटिनाच्या साहित्याचे वाचन चालू आहे. होर्हे लुइस बोर्हेस यांच्या कथा इंग्रजी अनुवादातून वाचताना प्रारंभी आम्ही सारेच गोंधळलो. त्यांतील आरसे नि चक्रव्यूह यांच्या अर्थावरून वाद रंगले. परंतु चर्चा स्थिरावली ती लेखकाच्या आयुष्यापाशी.

१९५५ साली ब्युनोस आयरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालकपद बोर्हेस यांना लाभले आणि नेमक्या त्याच सुमारास त्यांची वाचण्याची दृष्टी गेली. दैवाच्या या थट्टेवर त्यांनी कविताही लिहिली. वाचन मात्र थांबले नाही. वृद्ध मातोश्री त्यांना वाचून दाखवीत. पुढे १९६४ मध्ये, पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या आल्बेर्तो मांगेल या सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी संध्याकाळी वाचायला येशील का, असे विचारले. सुमारे चार वर्षे हा क्रम चालला. वाचन मध्येच थांबवून बोर्हेस एखाद्या ओळीवर भाष्य करीत. २०१६ ते २०१८ या काळात तोच मुलगा त्या ग्रंथालयाचा संचालक होता!

हे ऐकून आमचे एक ज्येष्ठ सभासद हळूच म्हणाले, “काचबिंदूमुळे वर्षभर मी पुस्तक न वाचताच इथे येतो. सांगायला संकोच वाटला.” आम्ही निःशब्द झालो.

आता दर गुरुवारी पाळीपाळीने आम्ही त्यांच्या घरी वाचायला जातो. त्यांच्या एकेका प्रश्नाने कथा आम्हांलाच नव्याने उमगते. वाचकहो, आपल्याही घरी कुणी मिटल्या पुस्तकापाशी मुकाट बसलेले नाही ना?