कुद्रेमुख : पर्जन्यवनातला मुक्काम

बंगळुरूहून सुमारे ३३० किलोमीटरवर, चिक्कमगळुरू जिल्ह्यातलं कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये जाहीर झालं. विस्तार सुमारे ६०० चौरस किलोमीटर. माथ्यावर गवताळ कुरणं आणि घळींमध्ये दाट शोला वनं, हे इथलं खरं वैभव. कुरणं पावसाचं पाणी स्पंजासारखी धरून ठेवतात, म्हणूनच इथल्या गंगामूळ परिसरातून तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या निघतात. सिंहपुच्छ वानराचंही हे घर. याच डोंगरांत लोहखनिजाची मोठी खाण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं ती २००५ अखेर बंद झाली. तो निर्णय झाला नसता तर आज चालायला वाटाच उरल्या नसत्या.

राहण्यासाठी रानात, भद्रेच्या काठी भगवती निसर्ग शिबिर आहे; मुळ्ळोडी गावाच्या बाजूला घरगुती निवास मिळतात. मुळ्ळोडीहून कुद्रेमुख शिखरापर्यंत (सुमारे १,८९० मीटर) जाऊन येण्याची वाट जवळपास २० किलोमीटरची, म्हणजे पूर्ण दिवसाची. माथ्यावर तंबू ठोकायला मनाई आहे. सवय नसेल तर कुरिंजालची छोटी वाट निवडावी.

पावसाळ्यात जळवा असतातच, लांब मोजे घाला. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं वाटा बंद ठेवतात. वनखात्याची परवानगी ऑनलाइन काढावी लागते आणि रोजच्या माणसांची संख्या मर्यादित असते, त्यामुळे शनिवार-रविवारचा बेत असेल तर आधी परवाना हाती घ्या, मगच गाडीचं तिकीट काढा.