बुटका भात, बुटका गहू

हरितक्रांतीतल्या बुटक्या भातावर जिबरेलिक ॲसिड फवारलं, की रोपं सरसर उंच होतात. त्याच काळातल्या बुटक्या गव्हावर तेच फवारलं, तर गहू जवळजवळ जागचा हलत नाही. दिसायला दोघंही ठेंगणे, पण ठेंगणेपणाची कारणं अगदी वेगळी.

हे ॲसिड मराठी शेतकऱ्याला परकं नाही. मणी फुगावेत म्हणून नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार ज्या ‘जीए’त घड बुडवतात, ते हेच. त्याचा माग लागला भाताच्या एका रोगातून. या रोगात रोपं फिकी पडतात, किडकिडीत होऊन बेसुमार वाढतात. हे एका बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे होतं, हे तैवानमध्ये काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. हे द्रव्य म्हणजे जिबरेलिन. वनस्पती स्वतःही हे संप्रेरक बनवतात, हे पुढे कळलं.

वाढीच्या जनुकांवर ‘डेला’ नावाची प्रथिनं ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन आलं, की पेशीतलं एक ग्राही प्रथिन डेलाला धरतं, पेशी डेलाचा फडशा पाडते आणि वाढ मोकळी होते. यातली खरी नजाकत पुढेच आहे. डेला साठू लागलं, की जिबरेलिन बनवणारी जनुकं जोरात कामाला लागतात. ते घटलं, की मंदावतात. रोप आपली उंची अशी सतत सावरत असतं.

फिलिपाइन्समधल्या भात संशोधन संस्थेनं १९६६ मध्ये आणलेल्या ‘आयआर-८’ भाताला तैवानी ‘डी-जिओ-वू-जेन’ या वाणाकडून एक तुटकं जनुक मिळालं. त्यातली ३८३ अक्षरं गळालेली आहेत, हे २००२ मध्ये उघड झालं. त्यामुळे खोडात जिबरेलिनच कमी बनतं. बाहेरून दिलं, की उणीव भरून निघते.

गव्हाचं तसं नाही. जपानच्या ‘नोरिन-१०’ वाणातून नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकन गव्हात आणि तिथून भारतात आलेल्या बदलामुळे डेलाचा नेमका तोच भाग हरवतो, जो ग्राही प्रथिनाच्या हाती लागायचा. ब्रेक सुटतच नाही. रोप मात्र जिबरेलिन बनवत राहतं; म्हणून या बुटक्या गव्हात ते उंच गव्हापेक्षाही जास्त सापडतं!

या बुटकेपणानं कोट्यवधी माणसांची पोटं भरली. युरिया दिल्यावर उंच पीक लोळायचं, बुटकं उभं राहिलं. पण त्याची किंमतही मोजावी लागली आणि तिच्याकडे फार उशिरा लक्ष गेलं. साठून राहिलेलं डेला खोडाला आवरतं, तसंच नत्र शोषण्यालाही आवरतं. म्हणून या वाणांना खत जास्त लागतं. चीनमधल्या श्यांगदोंग फू यांच्या गटानं २०१८ मध्ये ‘जीआरएफ-४’ हे डेलाच्या विरुद्ध काम करणारं प्रथिन भातात वाढवून पाहिलं. नत्र घेण्याची क्षमता सुधारली, उत्पादन वाढलं आणि भात तरीही बुटकाच राहिला.