भटकंतीचा सरंजाम

रविवारी पहाटेच्या कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुलीकडे निघालेल्या, अथवा कल्याणहून एस.टी.ने मुरबाड गाठून पुढे म्हसा, धसई, वैशाखरे या बाजूंना पांगणाऱ्या हौशी छायाचित्रकारांच्या पाठीवरील पिशव्या निरखून पाहिल्या, म्हणजे त्यांतील बहुतेक पिशव्या आदल्या रात्री धास्तीपोटी भरलेल्या आहेत हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही. पक्षी दिसला तर लांब पल्ल्याची लेन्स हवी, दरी समोर आली तर रुंद दृश्याची हवी, फुलपाखरू बसले तर जवळून टिपणारी हवी, अंधार पडला तर तिपाई हवी, अशा एकेका शंकेबरोबर एकेक जिन्नस आत जातो आणि सकाळपर्यंत चार-पाच किलोंचा सरंजाम सिद्ध होतो. माझ्या मते पिशवी उघडण्यापूर्वी तीन प्रश्नांचा निकाल लावला पाहिजे: जावयाचे कोठे, ऋतू कोणता, आणि आज प्रामुख्याने पाहावयाचे काय. यांचे उत्तर मिळाले की त्याला साजेशी एकच लेन्स कॅमेऱ्याला लावावी आणि उरलेल्या निःशंकपणे कपाटात ठेवाव्यात. ओझे हे त्याचे एक कारण आहे. परंतु त्याहून मोठे कारण असे, की प्रत्येक लेन्स ही पाहण्याची एक निराळी रीत असते आणि दोन-तीन रीती एकाच वेळी खांद्यावर वागवणारा मनुष्य समोरच्या दृश्यापेक्षा पिशवीतल्या पर्यायांकडेच अधिक पाहू लागतो.

एके काळी या बाबतीत निवडीला वावच नव्हता. १८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावयाचे आणि ओली असतानाच ती धुवावयाची, असा क्रम असे. सबब छायाचित्रकार जेथे जाईल तेथे त्याच्यामागून काळोखी राहुटी, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचा साठा आणि हे सर्व वाहणारे हमाल असा लवाजमा चालत असे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या एतद्देशीय विद्वानांनी ही कला आत्मसात केली, तो काळ या ओल्या काचांचाच होता. काचा मोजक्या आणि प्रत्येकीमागचे कष्ट अपार, म्हणून काय टिपावयाचे याचा निर्णय प्रस्थानापूर्वीच होत असे. पुढे सुक्या काचा आल्या, मग फिल्म आली. बडोद्यात तयार होणाऱ्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चित्रे निघत आणि लेन्स बदलण्याची सोय मुळीच नव्हती, तरी आपल्याकडील कितीतरी घरांतले सहलींचे आल्बम त्यानेच भरून काढले. साधनांनी घातलेली ती मर्यादा आता उरलेली नाही, म्हणून ती आपली आपणच घालून घ्यावी लागते.

प्रथम माहुलीचे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे ८५८ मीटर उंचीचा हा गड शहापूर तालुक्यातील सर्वांत उत्तुंग दुर्गांपैकी एक असून, निजामशाही वाचविण्याचा शहाजीराजांचा अखेरचा प्रयत्न १६३६ साली याच गडावर संपुष्टात आला. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण छातीवरची आहे आणि वरच्या टप्प्यात लोखंडी शिडी लागते, जेथे दोन्ही हात मोकळे असणे हा सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. उन्हाच्या दिवसांत माणशी तीन लिटर पाणी बरोबर असावे लागते आणि तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो वजन. या वजनात काटछाट करता येत नाही, जी करावयाची ती कॅमेऱ्याच्या सामानातच करावी लागते. येथे बहुधा कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी १८ ते ५५ मिलिमीटरची साधी झूम लेन्स पुरेशी होते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिच्या रुंद टोकाने तटबंदी आणि भोवतालची दरी चौकटीत मावते, तर लांब टोकाने भंडारगडाच्या बाजूचे नवरा-नवरीचे सुळके जवळ ओढता येतात. आणि असा कॅमेरा लेन्ससकट पाऊण किलोच्या आसपास भरतो. त्याहूनही रुंद लेन्स घेण्याचा मोह झाल्यास खिशातील मोबाईलचे स्मरण ठेवावे, कारण त्याची मुख्य लेन्स बहुधा मूळची रुंदच असते आणि भर दिवसा दरीचे दृश्य ती समाधानकारक टिपते. तिपाई घरी ठेवावी. कॅमेरा मात्र पाठीवरील पिशवीत न कोंबता आखूड पट्ट्याने छातीशी बांधावा. जो काढावयास पिशवी उतरवावी लागते, तो कॅमेरा चढणीवर दमलेल्या माणसाकडून फारसा निघतच नाही.

याच तालुक्यात, माहुलीच्या रानाला लागून, तानसा अभयारण्य पसरले आहे आणि तेथे हिशेब समूळ पालटतो. मुंबईला पाणी पुरविण्यासाठी १८९२ साली पुऱ्या झालेल्या तानसा धरणाभोवतीचे हे साग-ऐनाचे रान पक्षिप्रेमींच्या विशेष कुतूहलाचा विषय झाले ते रानपिंगळ्यामुळे. १८८४ नंतर शास्त्रज्ञांना या घुबडाचे दर्शनच झाले नव्हते व तो नामशेष झाला असे धरून चालण्याची वेळ आली होती. तो ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि २०१४ साली तानसाच्या रानात दिसला. इतर बहुतेक घुबडांप्रमाणे हा केवळ रात्रीचा जीव नव्हे. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून साद घालणे हा त्याचा स्वभाव आहे. लांबी मात्र जेमतेम २३ सेंटिमीटर. आता साधे गणित मांडून पाहावे. पक्षी वीस मीटरांवर असेल, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर उमटणारी त्याची आकृती अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी असते. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने तीच सुमारे साडेचार मिलिमीटर भरते. मोठ्या सेन्सरच्या चौकटीची उंची २४ मिलिमीटर असते हे लक्षात घेतले, म्हणजे येथे दोन-तीन मध्यम लेन्स निरुपयोगी आणि एक लांब लेन्स अपरिहार्य का, याचा उलगडा होतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात चौकटीची उंची सुमारे १६ मिलिमीटर असल्याने तेवढीच आकृती चौकटीचा अधिक भाग व्यापते. म्हणून पक्ष्यांसाठी महागडा कॅमेरा नसला तरी फारसे अडत नाही, जे अडते ते लेन्सपाशी.

अशी लेन्स दीड-दोन किलोंची असते आणि तिची किंमत सामान्य गृहस्थाला सहजी झेपणारी नसते. पण मुंबई-ठाण्यात ती दिवसाच्या भाड्याने मिळू शकते आणि वर्षातून मोजक्या वेळी रानात जाणाऱ्याने विकत घेण्याआधी हा मार्ग अवश्य अनुसरावा. तिच्या जोडीला दुसरी लेन्स घेण्यापेक्षा मी दुर्बीण घ्यावी असे सुचवीन. आठ पटींची साधारण दुर्बीण पाऊण किलोच्या आतबाहेर भरते. तिने पक्षी आधी डोळे भरून पाहता येतो, तो काय करतो आहे हे समजते आणि मग कॅमेरा केव्हा उचलावा हे आपोआप कळू लागते. काही वस्तू मात्र पिशवीत मुळीच असू नयेत. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावणारे यंत्र त्यांत पहिले. आपल्या हद्दीत परका आला या समजुतीने पक्षी चारा शोधणे आणि पिलांकडे पाहणे सोडून त्या खोट्या सादेला उत्तर देत बसतो, आणि ज्याची संख्याच अल्प आहे अशा पक्ष्याच्या बाबतीत एका चित्रासाठी हे करणे मला सरळ अपराध वाटतो. वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, चौकीवर नाव नोंदवावे आणि घरट्याच्या ढोलीपाशी रेंगाळू नये.

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या जत्रेला ज्याला जावयाचे आहे, त्याने ही लांब लेन्स कितीही आवडती असली तरी घरीच ठेवावी. या जत्रेची ख्याती गुरांच्या बाजाराची. दावणीला उभ्या असलेल्या बैलांची शिंगे साळून रंगविलेली, कपाळावर गोंडे, गळ्यात घुंगरमाळा. गिऱ्हाईक बैलाचा जबडा उघडून आदत आहे, दोनदाती आहे की जुळला आहे हे पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाय तपासतो आणि मग घासाघीस सुरू होते. गुरांच्या बाजारातली जुनी चाल अशी, की विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात आणि भोवतालच्यांना आकड्याचा सुगावा लागत नाही. हा व्यवहार टिपावयाचा तर तीस मीटरांवरून चोरून टिपता येत नाही. मध्ये माणसे येतात, आणि आलेल्या चित्रात चेहरे असतात, व्यवहार नसतो. येथे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटरची आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला २३-२४ मिलिमीटरची एकच स्थिर लेन्स असावी. दोन मीटरांवर उभे राहिले असता तिच्यात सुमारे दोन मीटर रुंदीचे दृश्य येते: दोन माणसे, त्यांच्यामधला रुमाल आणि मागे बैलाचे तोंड, एवढे तिच्यात नेमके मावते. शिवाय अशा लेन्सचे छिद्र एफ २ पर्यंत उघडत असल्याने पौषातली संध्याकाळ लवकर दाटली आणि पालांतले दिवे लागले तरी फ्लॅश लागत नाही. फ्लॅशने जनावर बुजते. दाव्याला बांधलेले जनावर गर्दीत बुजणे ही धोक्याची गोष्ट आहे.

दोन मीटरांवर जावयाचे म्हणजे बोलावे लागतेच. “बाबा, बैल कुठला? दाताला कसा आहे?” एवढे विचारले तरी शेतकरी मोकळेपणाने सांगू लागतो, मग “फोटो काढू का?” म्हणून विचारावे, नको म्हटले तर कॅमेरा खाली करावा आणि हो म्हटले तर काढलेले चित्र त्याला तेथेच दाखवावे. लेन्सची निवड ही अशा रीतीने आपण माणसांशी कसे वागणार याचीही निवड असते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाड्यांवरून जाताना हे विशेष पाळावे. भाताच्या लावणीत वाकलेल्या बायांची दूर बांधावरून, त्यांना नकळत काढलेली चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांतील फारच थोडी मला पुन्हा पाहाविशी वाटली.

नाणेघाटाची वाट मुरबाडच्या वैशाखऱ्याहून चढते. वरच्या लेण्यातील सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख दोन हजार वर्षांच्या झिजेने इतका पुसट झाला आहे, की समोरून घेतलेल्या चित्रात भिंत केवळ खडबडीत दिसते. तेथे कोणत्याही लेन्सपेक्षा साधी बॅटरी अधिक उपयोगी: सोबत्याने ती भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकला, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी उठून दिसतात. भिंतीला हात लावू नये. प्राचीन जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहावा आणि अंधार पडण्यापूर्वी उतरावे.

पावसाळ्यात, विशेषतः माळशेजच्या बाजूला, एकाच लेन्सचा आग्रह आणखी बळकट होतो, कारण धुक्यात आणि भुरभुर पावसात लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर पाण्याचे तुषार घेणे होय. हूड, पोलरायझर, दोन सुती धुतलेले फडके, एक मोठी छत्री आणि रबरी धाग्याने बांधता येईल अशी प्लास्टिकची पिशवी एवढा सरंजाम पुरतो. पोलरायझर ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी मारतो, त्यामुळे हिरवा रंग खरा उतरतो. मात्र तो निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो, म्हणून ढग दाटल्यावर आवश्यक नसेल तेव्हा काढून ठेवावा. वातानुकूलित मोटारीतून उतरल्यावर कॅमेरा ताबडतोब बाहेर काढू नये. थंड काचेवर दमट हवेचे दव धरते आणि ते पुसण्यात वेळ जातो तो जातोच. अर्धा तास बंद पिशवीत राहू दिल्यास तो बाहेरच्या हवेशी मिळताजुळता होतो. आणखी एक भरलेली बॅटरी आणि एक जास्तीचे कार्ड, कोणत्याही ऋतूत, या दोन वस्तू काटकसरीतून वगळाव्यात.

घरी परतल्यावर पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवण्याची सवय अनेकांना भोवते. आपल्याकडील पावसाळी हवेत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते आणि अशा हवेत लेन्सच्या आतील काचांवर बुरशीचे तंतू पसरू लागतात. पिशवीचे ओले अस्तर त्यांना पोषक ठरते. कॅमेरा व लेन्स बाहेर काढून पुसाव्यात, रात्रभर पंख्याखाली ठेवाव्यात आणि मग सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा शोषून तृप्त झाले असे समजावे आणि मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत. लेन्सच्या कडेला जाळ्यासारखा पांढुरका तंतू दिसलाच, तर ती इतर लेन्सपासून लगेच वेगळी करावी आणि जाणत्या कारागिराकडे न्यावी. बुरशीने काचेवरचा लेप एकदा खाल्ला, की नंतरच्या सफाईने तो परत येत नाही.